दुहेरी अंगाची बोट

हे लिहायला मी बसलो, याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फळीवर पेन्सिलीने माप टाकणं. बाबांच्या कानावर कायम पेन्सिल असते, पण ती त्यांनी कागदावर चालवलेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे, आणि तेव्हाही ती सहीच होती. दहावीच्या पुढे गेलेला घरातला मी पहिला. सध्या कुवेतमधल्या एका खासगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे मला लिहिता येतं असं घरच्यांना वाटतं, आणि येत नाही हे मला माहीत आहे. शिवाय यातली निम्मी गोष्ट माझी नाहीच, दुसऱ्याच्या घरातली आहे. कोणाचं नाव लिहायचं नाही, एवढ्या अटीवर त्या माणसाने मला परवानगी दिली. म्हणून नावं नाहीत.

बाबा अर्दियाच्या औद्योगिक भागात एका सुतारकामाच्या दुकानात आहेत. आम्ही राहतो अबू हलीफाला. गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी ते कामावरून आले आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी लाकडाचा एक तुकडा ठेवला. वीतभर लांब. आईने ताट ठेवायला तो उचलला, तर म्हणाले, "राहू दे तिथंच."

तो एक तुकडा नव्हता. दोन पातळ फळ्या एकमेकींवर बसवलेल्या होत्या, एकीच्या रेषा उजवीकडे तिरक्या, दुसरीच्या डावीकडे. आणि दोघींच्या मध्ये तेलात मुरून तपकिरी झालेलं कापड.

"साग नाही हा," बाबा म्हणाले. "रंगाच्या एका गोदामात जुनी लाकडी भिंत आहे, ती काढायचं काम आलंय. आख्खी भिंत अशीच आहे."

मग बराच वेळ ते जेवत राहिले. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "आजोबांच्या बोटीला असंच होतं म्हणतात. दुहेरी अंग."

हे आजोबा म्हणजे बाबांचे आजोबा, माझे पणजोबा. त्यांच्याबद्दल आमच्याकडे फारसं बोलत नाहीत. मला माहीत होतं ते एवढंच: युद्धाच्या काळात ते मुंबईच्या गोदीत इंजिनाचं काम शिकले, नंतर एका लाँचवर इंजिन ड्रायव्हर म्हणून लागले. ती लाँच आखातात ये-जा करायची. एकदा ती कुवेतला म्हणून गेली आणि परत आली नाही. गावाचं म्हणणं असं, की लाँचला चोरीचं अंग होतं, दोन फळ्यांच्या मध्ये सोनं दडवायची जागा होती, आणि ते सोनं घेऊन ड्रायव्हर आणि तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, पळाले. आमच्या घराला अजूनही गावात काहीजण "सोनेवाले" म्हणतात. घर चिरेबंदी नाही, वर कौलं आहेत, तरी म्हणतात.

सोन्याबद्दल आम्हाला कधी काही वाटलं नाही, कारण ते आम्ही पाहिलंच नाही. वाटायचं ते पानाचं. पितृपक्षात बाबा इथे बाल्कनीत त्यांच्या वडलांचं पान ठेवतात. कावळे क्वचित येतात, बहुतेक वेळा साळुंक्याच टिपून जातात. पणजोबांचं पान मात्र ना इथे वाढलं जातं, ना गावी. पणजी शेवटपर्यंत कुंकू लावत होती. तिच्या हयातीत कोणी विषय काढला नाही, आणि तिच्यामागे तो काढायचा राहून गेला. मी बाबांना लहानपणी एकदा विचारलं होतं, आता तर ते जिवंत असणं शक्यच नाही, मग पान का नाही? बाबा म्हणाले होते, "मेला असेल रे. पण कुठे? कोणाच्या घरात? त्याची तिथली पोरं घालत असतील त्याला पान. आपण कशाला मध्ये पडा?"

हे ज्यांना सर्वांत जास्त लागायचं त्या बाबांच्या आत्या. मी त्यांना आत्याआजी म्हणतो. पणजोबांच्या मुलांपैकी आता त्या एकट्याच उरल्यात. बोट गेली तेव्हा पाच-सहा वर्षांच्या होत्या, आता ऐंशीच्या पुढे आहेत, गावात आमच्याच घरी असतात. फोनवर त्यांचं एकच ठरलेलं वाक्य: "माझ्या डोळ्यांदेखत त्याचं काय ते कळू दे. मेला असला तर पान वाढा, पळाला असला तर नका वाढू. पण एक काय ते सांगा मला."

मी त्यांना त्या लाकडाबद्दल फोनवर सांगितलं.

"तिरक्या फळ्या?" त्यांनी विचारलं. "चटईसारख्या?"

"हो."

"एकदा बोट खाडीत ओढली होती दुरुस्तीला. खडकावर घासली होती मागच्या अंगाला. मी हात लावून बघितला होता. फळी उचकटलेली, आतनं कापड बाहेर आलेलं. तेव्हाच लोक बोलायला लागले. आमच्या गलबतांना कधी कोणी कापड बघितलं होतं? आमची फळीला फळी लागलेली, मधे कापूस भरलेला. दोन अंगं कशाला लागतात बोटीला, सांग?"

 कॉलेजच्या ग्रंथालयात जहाजांवरचं एक जाडजूड पुस्तक आहे. ते मी दोन आठवडे रोज उघडत होतो, आणि त्यात एके दिवशी ती बोट सापडली. म्हणजे तीच नव्हे, तिच्या जातीची. युद्धात पाणबुड्या हुडकण्यासाठी अशा छोट्या बोटी पुष्कळ बांधल्या होत्या. लोखंड कमी पडत होतं म्हणून लाकडाच्या. पातळ फळ्यांचे दोन थर, एक या दिशेने तिरका, एक त्या दिशेने, आणि पाणी झिरपू नये म्हणून मधे तेलात भिजवलेलं कापड. चित्रात सगळं स्पष्ट होतं. त्यात सोनं सोडा, सुपारीसुद्धा राहिली नसती.

त्या बोटींचं काम मला विलक्षण वाटलं. कानाला यंत्र लावून एक माणूस पाण्याखालचे आवाज ऐकत बसायचा. जरा काही खुट्ट झालं की संशय. मग मागच्या बाजूने बाँबचे पिंप समुद्रात सोडायचे आणि ते खोल जाऊन फुटायचे. पुष्कळदा खाली पाणबुडी नसायचीच, माशांचा थवा असायचा, नाहीतर बुडालेलं जुनं जहाज. युद्ध संपल्यावर या बोटींना काम उरलं नाही. तोफा आणि यंत्रं काढून त्या विकून टाकल्या. कुठे प्रवासी बोट झाली, कुठे कोणी तिच्यात घर केलं, काही व्यापाऱ्यांनी माल वाहायला घेतल्या. इंजिनं पेट्रोलची आणि तहान मोठी, पण वेग चांगला.

मी चित्राची झेरॉक्स बाबांना दाखवली. त्यांनी सुताराच्या नजरेने ती पाहिली, पण चेहरा बदलला नाही.

"बरोबर काढलंय," ते म्हणाले. "पण बांधणाऱ्याने कशासाठी बांधली आणि चालवणाऱ्याने कशाला वापरली, हे दोन वेगळे. पुस्तकवाले काय, आपल्या बोटीला चोर म्हणणार आहेत?"

तरी त्यांनी तो तुकडा परत हातात घेतला. आतली बाजू काळी होती. ते डांबर असेल असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी पटाशीने थोडं खरवडलं आणि बोट चोळून बघितलं.

"डांबर नाही. कोळसा आहे. हे जळलंय," ते म्हणाले. "आतून. बाहेरचं अंग कोरं आहे."

त्या शुक्रवारी मी एकटाच अर्दियाला त्या गोदामात गेलो. गोदाम सांभाळणारे एक वृद्ध गृहस्थ होते, आपल्याकडचे, रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. मालकाच्या वडलांपासून तिथे होते, त्यामुळे वय झालं तरी मालकाने ठेवलं होतं. रंगाच्या डब्यांच्या मागे त्यांची खाट, आणि खाटेच्या मागे ती भिंत. मी मराठीत बोलल्यावर त्यांना बरं वाटलं. छोट्या पेल्यात चहा आला.

"सुताराचा पोरगा तू? शिकतोस म्हणे. कुठलं गाव?"

मी गाव सांगितलं. खाडीचं नाव सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"तुला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही, चाचा. मी आपला या भिंतीबद्दल..."

"ही भिंत मी यायच्या आधीपासून हाय. मना ठाव नाय कुठनं आली."

एवढं बोलून ते डबे मोजायला लागले. ते डबे त्यांनी मी आलो तेव्हाच मोजून संपवले होते. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

मी पुन्हा गेलो. आणि पुन्हा. आता लाज वाटते, पण मी माहितीसाठी कमी आणि त्यांना पकडण्यासाठी जास्त जात होतो. ते मला सांगत काहीच नसत, विचारत मात्र सगळं. घरी कोण कोण आहे, गावी कोण आहे, पणजी केव्हा गेली. एकदा म्हणाले, "तुमच्या घरात काय बोलतात, त्या ड्रायव्हरबद्दल?"

ड्रायव्हर हा शब्द मी त्यांच्यासमोर एकदाही काढला नव्हता.

"पळाला म्हणतात," मी म्हटलं.

"आन् तांडेलाबद्दल?"

"तांडेलानेच फूस लावली, असं म्हणतात."

ते हसले. "आमच्यात उलटं सांगतात. इंजिनवाला पक्का होता, त्यानं साध्या माणसाला बुडवलं. हेच ऐकत वाढलो मी."

"म्हणजे तांडेल तुमचे..."

"बाप माझा. आता झालं समाधान? सोनं शोधायला आलायस ना? शोध. डबे उघडून बघ. पांढरा हाय, हिरवा हाय, सोनेरी पन हाय एक."

मीही मग तोंड बंद ठेवलं नाही. म्हटलं, "सोनं नको मला, चाचा. ऐंशी वर्षांची बाई वाट बघतेय. तिच्या बापाचं पान वाढायचं की नाही, एवढंच तिला हवंय. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, नसेल तर नाही म्हणा."

"नाय," ते म्हणाले.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. बाबांनी ताबडतोब हिशेब जुळवला. चाचांचं गावी मोठं घर आहे, मुलगी इथल्या जाब्रियाच्या दवाखान्यात नर्स आहे, हे त्यांना दुकानातून कळलेलंच होतं. "बघ," ते म्हणाले, "आपलं घर कौलारू राहिलं आणि त्यांचं उठलं. सोनं कुठे गेलं ते विचारायला नको." मला ते पटलं. चाचांनी पन्नास वर्षं गोदामात काढली होती आणि तेवढ्या वर्षांत प्रामाणिक माणसाचंही घर उठू शकतं, हे आम्हा दोघांच्या ध्यानात आलं नाही. येऊ द्यायचं नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं होईल.

शेवटचा गेलो तेव्हा मी झेरॉक्स बरोबर नेली होती. मला त्यांना हरवायचं होतं. कागद त्यांच्या खाटेवर पसरून मी म्हटलं, "हे बघा. चोरीचं अंग नव्हतंच. या बोटी अशाच बांधायचे. मधे सोनं ठेवायला जागाच नाही."

चाचांनी चष्मा लावला. कागद पुष्कळ वेळ पाहिला, उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.

"म्हंजे सोनं नव्हतंच?"

"फळ्यांत तरी नव्हतं."

"बापानं मना सांगितलं होतं, नव्हतं म्हणून. मी मानलं नाय त्याचं," ते हळू आवाजात म्हणाले. आपण काय बोलून गेलो, हे लगेच त्यांच्या लक्षात आलं असावं. पण मी तो शब्द टिपलाच. चाचांच्या वयाच्या हिशेबाने बाप पळाला तेव्हा हे तान्हे असणार, मग बापाने सांगितलं केव्हा?

मी काही विचारायच्या आत त्यांनी बोट कागदावर टेकवलं. "इंजिनाची खोली ही. होय ना?"

बरोबर होतं. चित्रातली अक्षरं इंग्रजी होती आणि चाचांना इंग्रजी येत नव्हतं.

"हिचं झाकण वरनं असतं का बाजूनं?"

"वरून. का?"

"काय नाय. असंच."

"चाचा, तुमचे वडील तुम्हाला भेटले होते का?"

त्यांनी कागदाची घडी केली, ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अभ्यास कर, बाला. परीक्षा असेल तुझी."

त्यानंतर दोन शुक्रवार गोदाम बंद मिळालं. तिसऱ्या वेळी एक बंगाली तरुण दार उघडून म्हणाला, बुढ्ढा कॅन्सल होके गया. व्हिसा रद्द करून चाचा कायमचे गावी गेले होते. भिंतही काढलेली होती. सिमेंटवर तिची सरळ खूण तेवढी राहिली होती, आणि तिला लागून खाटेच्या पायांचे चार वण.

"पळाला ना?" बाबा म्हणाले. "मग आता आणखी काय कळायचं राहिलं?"

मी आत्याआजीला फोन करून सांगितलं, की ज्याला माहीत होतं तो न सांगता गेला.  त्या म्हणाल्या, "तू जेवलास का?" मला त्या दिवशी स्वतःचाच राग आला. मी त्यांना आशा लावली होती आणि काढूनही घेतली होती. उन्हाळा आला, परीक्षा झाल्या. तो तुकडा बाल्कनीत कुंडीखाली टेकू म्हणून पडून राहिला.

पितृपक्ष लागला. बाबांनी दशमीला त्यांच्या वडलांचं पान ठेवलं. नेहमीसारखं एकच. त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी आत्याआजीचा फोन आला. त्या आपणहून सहसा करत नाहीत, म्हणून मी घाबरलोच.

"तुझा तो चाचा येऊन गेला," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"कुठे म्हंजे? इथं. माझ्याकडं. तीन गाड्या बदलून आला, मुलगा बरोबर होता. अंगणात बसला. म्हटलं पाणी घ्या, तर म्हणाला आधी सांगतो, मग घेतो."

मग त्यांनी मला सांगितलं. चाचांनी जसं सांगितलं तसंच, मधे थांबत.

बोट इथेच, कुवेतच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर उभी होती. पणजोबा खाली इंजिनापाशी होते. पेट्रोल पेटलं. वर तांडेल होता. आग दाबायला वरचं झाकण लावून घेतात, हवा तोडतात, तसं त्याने झाकण लावलं. बोट अर्धी वाचली. वरचे चारही जण वाचले. खाली जे राहिलं होतं ते त्यांनी तिथेच समुद्राला दिलं. बाकीचे खलाशी दुसऱ्या देशांचे, ते पांगले. मालकाला बोभाटा नको होता. तांडेल घरी गेलाच नाही. त्याने दुसरं घर केलं नाही, सोनं तर नव्हतंच. वाचलेल्या फळ्यांची मालकाने गोदामात भिंत केली आणि तांडेल त्याच गोदामाचा राखणदार झाला. त्या भिंतीला पाठ लावून झोपायचा. पुढे मोठेपणी चाचा बापाला शोधत कुवेतला आले, तर तो तिथेच सापडला. बापाने शपथ घातली, म्हणून त्यांनी घरी कळवलं, की सापडला नाही. बापाच्या मागे तीच खाट त्यांनी घेतली.

"पळाला तो माझा बाप, असं म्हणाला," आत्याआजी सांगत होत्या. "तुमचा जागेवर होता, म्हणाला. त्याच्या पोरानं हे आजच पहिल्यांदा ऐकलं. खाली मान घालून बसला होता बिचारा."

 त्या पुढे सांगू लागल्या.

"मी एकच विचारलं त्याला. झाकण लावताना तुझ्या बापाला माहीत होतं का, आत माणूस आहे म्हणून?"

"मग?"

"म्हणाला, त्यानं सांगितलं नाय आणि मी विचारलं नाय. इतकी वर्षं एका छताखाली होतो, म्हणाला, पण नाय विचारलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, आता पाणी घ्या. जेवून गेले दोघं."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. मला वाटलं फोन ठेवला, पण नाही.

"तुझ्या बापाला सांग," त्या म्हणाल्या, "अपघातानं गेलेल्याचं पान चतुर्दशीला असतं. चतुर्दशी परवा आहे. मी इथं वाढायला सांगितलंय. पण तुम्हीपण वाढा, त्या तुमच्या बाल्कनीत. समुद्र दिसतो ना तिथनं? तो तिथंच आहे रे, तुमच्याकडं."